चेहरा कुठे आहे?

मुरारच्या आमच्या बैठकीत पिकासोच्या ‘डॉन क्विक्झोट’ची छापील प्रत लावलेली आहे. नातवाने परवा विचारले, “आजोबा, इनका चेहरा कहाँ है?” प्रश्न मार्मिक होता. दीनानाथ दलालांच्या रेखीव मुखपृष्ठांवर पोसलेल्या माझ्या नजरेलाही तो पूर्वी पडला होता. सर्व्हान्तेसची कादंबरी १६०५ची, चित्र १९५५चे. काळ्या शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत भाला, हडकुळा घोडा आणि त्याहून हडकुळा स्वार. पवनचक्क्या मात्र दूर, इवल्याशा. या वेड्याची टिंगल पिकासोने केली नाही, हे चित्राचे मोठेपण. उणीव एकच. शेजारच्या सँकोची म्हणींनी भरलेली बडबड रेषेत येत नाही, आणि ती ऐकल्यावाचून धन्याचा चेहरा उमटत नाही. नातवाला म्हटले, “चेहरा पुस्तकात आहे. बस, मराठीतून सांगतो.”