२०५ अब्ज टनांचा पेपर पुन्हा वाचताना



सेट-नेट झाल्यावर पीएचडीची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" याचं उत्तर नियमांची यादी देऊन सांगता येत नाही. म्हणून आज एकच पेपर घेऊन बसूया. हाच पेपर निवडला, कारण मी स्वतः तो चुकीचा वाचला होता.

माझ्या प्रपोजलचं पहिलंच वाक्य होतं की जगभर झाडं लावून २०५ अब्ज टन कार्बन साठवता येईल. आकडा मोठा, जर्नल मोठं, त्यामुळे सुरुवात जोरदार वाटली. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "हे टन कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे?" कार्बनचे, असं मी सांगितलं. इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "अगं, तुझी साइट तर माळरान आहे. या लेखकांच्या हिशेबात माळरान कुठे बसतं? झाडं लावायच्या जागेत, की सोडून द्यायच्या जागेत?"

मी गप्प. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचला होता, नकाशे पाहिले होते. मेथड्स वाचल्याच नव्हत्या. मॅडमनी प्रपोजल परत दिलं आणि पहिलं पान नव्याने लिहून आणायला सांगितलं. ते लिहिताना जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

पेपर काय म्हणतो

ज्याँ-फ्रान्स्वा बास्तँ, थॉमस क्राउथर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर जुलै २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. काम झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातलं. प्रश्न सोपा आणि सुंदर होता. आजच्या हवामानात पृथ्वीवर जास्तीत जास्त किती वृक्षाच्छादन राहू शकेल?

पद्धत अशी. जगभरच्या संरक्षित क्षेत्रांमधले सुमारे ७८ हजार तुकडे उपग्रहचित्रांवर डोळ्यांनी पाहिले आणि प्रत्येकात किती टक्के झाडोरा आहे ते नोंदवलं. मग हवामान आणि मातीचे घटक मॉडेलला दिले आणि विचारलं की माणसाचा हस्तक्षेप नसता तर उरलेल्या जमिनीवर किती झाडोरा असता. उत्तर आलं ४.४ अब्ज हेक्टर. त्यातून आज असलेली झाडं, शेती आणि शहरं वजा केली. उरले ०.९ अब्ज, म्हणजे ९० कोटी हेक्टर. भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळपास पावणेतीन पट. इथली झाडं पूर्ण वाढली की २०५ अब्ज टन कार्बन साठेल, असा अंदाज.

कौतुक करण्यासारखं यात बरंच आहे. एवढ्या संख्येने तुकडे तपासणं हे कष्टाचं काम आहे. याआधी असे नकाशे बऱ्याच प्रमाणात तज्ज्ञांच्या अंदाजावर उभे होते, इथे मोजमाप आलं. पेपर टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो कुठे घसरतो हे शोधताना मला चार प्रश्न उपयोगी पडले. तुम्हालाही पडतील.

पहिला प्रश्न: एकक कोणतं?

२०५ हा आकडा कार्बनचा आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये न्यायचा तर ४४ भागिले १२ ने गुणा, साधारण ७५२ येतात. भारताने २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टनांचा जो अतिरिक्त शोषक तयार करायचं ठरवलंय, तो कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात आहे. हे दोन आकडे तसेच शेजारी ठेवले तर तुलना पावणेचार पटींनी चुकते.

हेक्टरचंही तेच. ९० कोटी हेक्टर ही फक्त झाडांच्या पानोऱ्याने झाकलेली जमीन आहे. झाडं विरळ असतील तर तेवढा पानोरा कितीतरी जास्त जमिनीवर पसरतो. पेपरमध्येच ती जमीन १.७ ते १.८ अब्ज हेक्टर सांगितली आहे. बातम्यांत मात्र ९० कोटी हेक्टर जंगल असं छापून आलं.

दुसरा प्रश्न: ही जमीन आज काय आहे?

मॅडमनी मला विचारलेला प्रश्न हाच. पेपरमध्ये नीट शोधलं तर सापडतं की या १.७-१.८ अब्ज हेक्टरांत विरळ झाडोरा, उघडी माती आणि गवताळ प्रदेश धरले आहेत. म्हणजे शेती नाही, शहर नाही, तर मग जागा मोकळी.

आता आपल्याकडे या. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यातलं माळरान तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलंच असेल. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतं. पाऊस पडला की कुसळी, मारवेल, पवना अशी गवतं उभी राहतात, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. इथेच लांडगा आणि काळवीट राहतात. नान्नजचं माळढोक अभयारण्यही याच भूभागातलं. धनगरांची मेंढरं पिढ्यान् पिढ्या इथे चरतात. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच मांडलं होतं की आशियात ज्याला आपण शुष्क पानझडी जंगल म्हणतो, त्यातलं बरंचसं मुळात सवाना आहे. ओळखायची खूण म्हणजे झाडांखालचा सलग गवताचा थर. कमी झाडं ही तिथली मोडतोड नसून त्या परिसंस्थेची घडणच तशी आहे.

"पण हे माळ पूर्वी जंगल असतील आणि माणसाने तोडले असतील तर?" ही शंका रास्त आहे. यावर २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचं काम 'पीपल अँड नेचर'मध्ये आलं. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा धुंडाळून त्यात कोणत्या वनस्पतींचे उल्लेख येतात ते पाहिलं. बहुतेक उल्लेख सवानातल्या वनस्पतींचे निघाले. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं तरी हा प्रदेश उघडा, गवताळ असावा. पुरावा साहित्याचा असल्याने त्याच्या मर्यादा आहेतच, पण 'तोडलेलं जंगल' हे गृहीतक आता पुराव्याशिवाय मांडता येणार नाही.

लेखकांची बाजूही ऐका. त्यांचं म्हणणं असं की मॉडेल संरक्षित क्षेत्रांवर शिकवलंय, त्यामुळे नैसर्गिक आग आणि चराई यांचा परिणाम त्यात आपोआप उतरतो, आणि सवानात ते मुळात कमीच झाडं दाखवतं. मला हे निम्मं पटतं. आग आणि चराई हे घटक मॉडेलला वेगळे दिलेले नव्हते. आपल्या गवताळ प्रदेशांचा तर फार थोडा भाग संरक्षित आहे. जिथले नमुनेच कमी, तिथला अंदाज किती धरायचा?

तिसरा प्रश्न: शून्य कुठे धरलंय?

हा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटला. २०५ ला ०.९ ने भागून बघा. पानोऱ्याच्या प्रत्येक हेक्टरमागे सुमारे २२८ टन कार्बन येतो. एवढा कुठून? यात झाडांसोबत मातीतला कार्बनही मोजलाय. आणि झाडं नसलेल्या जमिनीत आधीपासून काहीच कार्बन नाही, असं हिशेबात अप्रत्यक्षपणे धरलं गेलंय.

माळावरची एक गवताची जुडी मुळासकट उपटून पाहा. वर वीतभर, खाली केवढा तरी मुळांचा जाळ. गवताळ प्रदेशाचा बहुतेक कार्बन जमिनीखालीच असतो, आणि वणव्यातही तो बराचसा टिकतो. तो कार्बन झाडांच्या खात्यावर जमा केला की नफा फुगतो.

जोसेफ व्हेल्डमन आणि ४५ सहलेखकांनी 'सायन्स'मध्येच ऑक्टोबर २०१९ मध्ये हा आक्षेप घेतला. मातीचा हिशेब दुरुस्त केला, गवताळ प्रदेश आणि सवाना वगळले. शिवाय बर्फाळ उत्तरेकडचा भागही काढला, कारण तिथे पांढऱ्या बर्फाच्या जागी गडद झाडं आली की ऊन जास्त शोषलं जातं आणि उलट तापमान वाढू शकतं. त्यांचा आकडा आला सुमारे ४२ अब्ज टन. पाचपट कमी.

आता एक सावधगिरी. "म्हणजे ४२ बरोबर" असं लगेच लिहू नका. दोन्ही गट वेगवेगळी जमीन मोजतायत. कोणत्या जमिनीला पुनर्स्थापनेची गरज आहे, या प्रश्नाची दोघांची उत्तरं वेगळी आहेत आणि आकड्यातला फरक बराचसा तिथून येतो. प्रपोजलमध्ये हे दोन्ही आकडे, त्यांच्या व्याख्यांसह द्यायला हवेत.

चौथा प्रश्न: निष्कर्ष डेटाच्या पुढे पळतोय का?

अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटी झाडांची पुनर्स्थापना हा हवामान बदलावरचा आजवरचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरवला होता. पण पेपरमध्ये दुसऱ्या कुठल्याही उपायाशी तुलनाच नाही. कोळसा कमी केला तर काय, हे मोजलेलं नाही. मग 'सर्वांत' कुठून आलं? २०२० मध्ये जर्नलने दुरुस्ती छापली आणि हा दावा सौम्य झाला. कार्बन शोषण्याच्या सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक, इतकाच.

प्रसिद्धीपत्रकात आणखी एक गोष्ट होती, की २०५ म्हणजे माणसाने सोडलेल्या कार्बनचा दोन तृतीयांश. तिथे एकूण कार्बन ३०० अब्ज टनांच्या आसपास धरला होता. पण ती साधारण हवेत उरलेली रक्कम आहे. एकूण सोडलेला कार्बन ६०० अब्ज टनांच्या वर जातो. निम्म्याच्या आसपास समुद्र आणि जमिनीने आधीच शोषलाय. त्या हिशेबाने वाटा एक तृतीयांशाजवळ येतो. पेपर डाउनलोड केला की त्याच पानावर दुरुस्ती आणि तांत्रिक टिप्पण्या आहेत का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

जे मथळ्यात आलं नाही

माझ्या मते पेपरमधला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कुणी उचललाच नाही. हवामान बदलाची आजची दिशा कायम राहिली तर २०५० पर्यंत झाडांना योग्य जागाच सुमारे २२.३ कोटी हेक्टरने घटेल, आणि ही घट मुख्यतः उष्ण कटिबंधात, म्हणजे आपल्या भागात, असेल. झाड पूर्ण वाढायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे ज्या उपायाने हवामान सावरायचं, तो उपायच हवामानावर अवलंबून. उत्सर्जन कमी केल्याशिवाय या नकाशाला अर्थ नाही, हे त्याच पेपरमधून निघतं.

माळावर याची दुसरी बाजू दिसते. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की माळावरच्या गवतांपेक्षा झाडाझुडपांना जास्त फायदा होतो, कारण या गवतांचं प्रकाशसंश्लेषण आधीच कमी कार्बन डायऑक्साइडवर भागणारं आहे. आफ्रिकेतल्या सवानांमध्ये झुडपं वाढत चालल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आपण काहीच लावलं नाही तरी गवताळ प्रदेशावर दबाव आहेच. त्यात आपण खड्डे खणून गिरिपुष्प लावायचं का, हा प्रश्न राहतो. २०१९ मध्येच महाराष्ट्रात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. त्या मोहिमेचा या पेपरशी संबंध नाही, ती २०१६ पासून चालू होती. पण मोकळी दिसणारी जमीन म्हणजे झाडांची जमीन, हा विचार दोन्हीकडे भेटतो.

माझ्या साइटवर एका धनगर काकांनी विचारलं होतं, "ताई, तुमच्या अभ्यासात ह्ये माळ म्हंजे काय लिवता?" तेव्हा माझ्या वहीत 'पडीक' लिहिलेलं होतं. सरकारी नोंदीत तसंच होतं म्हणून. नंतर खोडलं.

पुढे काय झालं

२०२३ मध्ये 'नेचर'मध्ये याच विषयावर मोठा पेपर आला. क्राउथर त्यातही आहेत. आकडा २२६ अब्ज टन, जवळपास तेवढाच. पण फोड वेगळी होती. त्यातला ६१ टक्के हिस्सा आज असलेली जंगलं राखून, ती पूर्ण वाढू देऊन मिळणारा आहे. उरलेला ३९ टक्के, जिथून जंगल गेलं तिथे ते परत आणून. टीकेमुळे विज्ञान सुधारतं हे आपण पुस्तकात वाचतो. इथे चार वर्षांत घडताना दिसलं. ज्यांच्यावर टीका झाली, त्यांतल्याच लोकांनी पुढचं काम केलं, हेही लक्षात ठेवा.

माझ्या प्रपोजलचं पहिलं वाक्य आता असं आहे: "या अभ्यासात माळरान ही स्वतंत्र परिसंस्था धरली आहे, तोडलेलं जंगल नव्हे, त्याची कारणं पुढीलप्रमाणे." जोरदार वाटत नाही. पण समितीत त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि प्रत्येक प्रश्नाला मला काहीतरी उत्तर देता आलं.

तुमच्या प्रपोजलच्या पहिल्या पानावर जो आकडा आहे, त्याला हे चार प्रश्न विचारून बघा. अडलात तर कळवा, मिळून मेथड्स वाचू.