चालले म्हणजे बरोबर?

शहागंजच्या चौकातल्या मनोऱ्यावर घड्याळ बसवले, ते साऱ्या बाजाराला एकच वेळ कळावी म्हणून. वेब ब्राउझरांची घड्याळे मात्र बरीच वर्षे वेगवेगळी होती.

दुव्यावर माउस न दाबता आज्ञावलीतूनच ‘क्लिक’ घडवायचे, एवढेच काम. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ते एका ओळीत होई. फायरफॉक्समध्ये २०११ साली पाचवी आवृत्ती येईपर्यंत तीच ओळ अडत असे. माउसची कृत्रिम घटना तयार करून दुव्याकडे पाठवावी लागे. दोष अर्थातच फायरफॉक्सला मिळाला. पण २००३ च्या मानकात ही आज्ञा बटणासारख्या मोजक्या घटकांनाच होती, दुव्याला नव्हती. म्हणजे फायरफॉक्स नियमानेच वागत होता! २०१४ च्या एचटीएमएल ५ मानकाने ती सर्व घटकांना दिली. नियम व्यवहाराच्या मागून आला.

आपल्या अध्यापनातील उणीव इथेच दिसते. ‘माझ्या संगणकावर चालले’ यालाच आपण पुरावा मानतो. प्रयोगशाळेत एकाच उपकरणावरचे एकच वाचन आपण मान्य करू का? विद्यार्थ्यांना निदान तीन ब्राउझरांत पडताळा घ्यायला लावावा. आणि त्याआधी विचारावे: नुसते दुसऱ्या पानावर जायचे, तर खोटे क्लिक कशाला? पत्ता थेट देता येतोच.