कृतज्ञता आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे एक वाचन

प्रस्तावना :
पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्याचा विचार बहुधा धर्मांतराच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो आश्रयदाता व आश्रित यांच्या संबंधांच्या अंगाने केला आहे. त्यासाठी सिस्टर जेरल्डीन यांनी संकलित केलेला व ए. बी. शहा यांनी संपादित केलेला इंग्रजी पत्रसंग्रह (महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९७७) आधारभूत मानला आहे.

विवेचन :
१८८३ मध्ये पंचवीस वर्षांच्या विधवा रमाबाई लहानग्या मनोरमेसह वाँटेजच्या मठात दाखल झाल्या. प्रवासखर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून उभा केला होता. निर्वाहाच्या मोबदल्यात त्या भगिनींना मराठी शिकविणार होत्या. म्हणजे आरंभीचा व्यवहार देवाणघेवाणीचा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि या व्यवहाराला माता-कन्येच्या नात्याचे रूप आले. नात्याबरोबर आज्ञापालनाची अपेक्षाही आली.

पुढील वाद या अपेक्षेतूनच उद्भवले. रमाबाईंचा शाकाहार जातीचा अहंकार ठरला, तर त्रैक्याविषयीच्या शंका हट्ट ठरल्या. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मुंबई व लाहोरच्या बिशपांनी सुचविले. आपल्या आईने व आपण तरुणांना शिकविण्यास वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नव्हती, याचे स्मरण रमाबाईंनी करून दिले. 'आजीबाई' अशी जिव्हाळ्याची हाक आणि ठाम नकार या पत्रांत शेजारी शेजारी नांदतात. कृतज्ञता मान्य, विवेकबुद्धीवरील मालकी अमान्य, हाच त्यांच्या भूमिकेचा गाभा होय.

संकलनही आश्रयदात्रीच्याच हातचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. जेरल्डीन यांच्या टिपा रमाबाईंच्या मतभेदाला गर्व मानतात. पत्रे मात्र त्या निवाड्याला पुरून उरतात. तथापि, जेरल्डीन यांनी ती जपली नसती तर हा प्रतिवाद आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल.

समारोप :
धावड्यासारख्या (ता. भोकरदन, जि. जालना) गावांतून इतरांच्या आर्थिक मदतीवर शिकावयास निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात हे वाचन महत्त्वाचे ठरते. व्यासपीठावर धनादेश देताना आपण त्यांच्याकडून आभाराचे शब्द ऐकण्यास उत्सुक असतो. त्यांचा मतभेद ऐकण्याची आपली तयारी असते काय, हा प्रश्न ही पत्रे अध्यापकवर्गापुढे ठेवतात.