मंदाग्नी

बी.कॉम. झालेल्या माणसाने स्वयंपाकघरात ढवळाढवळ करू नये, असा कायदा नाही. तो असता तर माझे साडेतीन हजार रुपये वाचले असते.

त्याचे असे झाले. मागच्या डिसेंबरात माझी चुलत बहीण न्यू जर्सीहून आमच्याकडे जालन्याला आली होती. गरम भाकरीचा पापुद्रा काढता काढता ती म्हणाली, "दादा, तू स्लो कुकर घेच. सकाळी सगळं कच्चं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि ऑफिसला जायचं. संध्याकाळी परत आलं की जेवण तयार!"

आता, आमची सौ. भोकरदन रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळामास्तरीण आहे. ती पाचला उठते. मी सातला उठतो आणि नऊपर्यंत पेपर वाचत तिची धावपळ बघतो. बहिणीच्या बोलण्याने मला एकदम अपराधी वाटले. पुरुषाला अपराधी वाटले की तो लवकर उठत नाही, यंत्र विकत घेतो. जानेवारीत थकबाकीचे पैसे हाती आले आणि पार्सल दारात आले.

यंत्र दिसायला भारदस्त. आत चिनी मातीचे जाड भांडे, बाहेर विजेची तार गुंडाळलेले कवच, वर काचेचे झाकण. बटणावर दोनच गती : मंद आणि जलद. मंद म्हणजे आठ तास आणि जलद म्हणजे चार! मनमाडहून येणाऱ्या पॅसेंजरलासुद्धा स्वतःला जलद म्हणवून घेताना थोडा संकोच वाटला असता.

पहिल्या दिवशी तुरीच्या वरणाचे उद्घाटन झाले. आई खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली. दोन तासांनी झाकणाला हात लावून म्हणाली, "बाबा, हे शिजायलंय का नुसतं शेकायलंय?"

मी तिला हसलो. संध्याकाळी आई मला हसली. डाळ पाण्यात तशीच टपटपीत बसलेली, वरचे पाणी निराळे, खालची डाळ निराळी. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. आमच्या बोअरचे पाणी जड. त्यातले कॅल्शियम डाळीला धरून बसते आणि तिला मऊ होऊ देत नाही. प्रेशर कुकर आतले पाणी १२० अंशांपर्यंत नेऊन या हट्टी डाळीची मुंडी मुरगाळतो. हे सौम्य प्रकृतीचे यंत्र उकळीच्या आसपास जाऊन थांबते. त्यात मी उत्साहाने चिंच आधीच घातली होती. आंबटात डाळ शिजत नाही, हे आईला पदवी न घेता ठाऊक होते.

दुसरा प्रयोग वांग्याच्या भाजीचा. झाकणाखालची वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे पाणी आटत नाही. संध्याकाळी वांगी शोधावी लागली. फोडणी तर या यंत्राच्या जातकुळीतच नाही. ती वेगळ्या कढईत, वेगळ्या गॅसवर करायची. म्हणजे एका भाजीला दोन भांडी आणि एक नवरा असा घासायचा ऐवज वाढला.

तिसरा प्रयोग एप्रिलमधला. उसळ लावून आम्ही दोघे कामावर गेलो. आई डुलकी काढत असताना अकराला वीज गेली ती तीनला आली. बाहेर बेचाळीस अंश. यंत्रातली उसळ चार तास कोमट राहिली आणि कोमटपणा हा जंतूंचा माहेरवास. वीज आल्यावर यंत्र इमानदारीने पुन्हा सुरू झाले आणि नासलेली उसळ मन लावून शिजवत बसले. इतकी निष्ठा मी फक्त आमच्या शाखेच्या शिपायात पाहिली आहे.

राजम्याचा प्रयोग मी केला नाही, ते बरेच झाले. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय ते मरत नाही. मंद आचेवर ते मजेत जिवंत राहते. ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांनी एवढे वाक्य तरी झाकणाला चिकटवून ठेवावे.

पण मी बँकेतला माणूस. नावेची बाजू लिहिली तशी जमेचीही लिहिलीच पाहिजे. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी एक उकळी काढून यात टाकले तर संध्याकाळी लोण्यासारखे होतात आणि एकही फुटत नाही. गव्हाची खीर तळाला लागत नाही. शेजाऱ्यांनी एका रविवारी नेऊन यात मटण केले आणि चिवट मांस बोटाने तुटते, असा निरोप पाठवला. यंत्र परत यायला मात्र दोन रविवार लागले.

मग मी कागद घेतला. दोनशे वॅटचे यंत्र आठ तास चालले तर १.६ युनिट जळतात. युनिटला दहा रुपये धरले तर सोळा रुपये. प्रेशर कुकरला पंचवीस मिनिटांत साठ-सत्तर ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे दोनशे कुकर लागतात. सिलिंडर हजाराचा धरला तरी एका कुकरला पाच रुपये. मी कागद सौ.समोर ठेवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. संध्याकाळची भाजी मी सकाळीच चिरायची, तर हे यंत्र माझं काम वाचवतंय, का नुसतं अलीकडं ओढतंय?"

मी कागद खिशात घातला. हिशेबात ही नोंद राहून गेली होती.

आई मात्र एकदम यंत्राच्या बाजूने बोलू लागली. "वैलावरचं दूध आठवतं का तुला?" म्हणाली. आठवते! चुलीची उरलेली धग शेजारच्या वैलात जायची. त्यावर दिवसभर दूध तापायचे आणि तांबूस, जाड साय धरायची. तो आमचा स्लो कुकर. बिल शून्य. मी भारावून म्हणालो, "बघ, किती फुकटात व्हायचं!" आई म्हणाली, "फुकट कसलं? दिवसभर मी चुलीम्होरंच असायचे की. दूध उतू जाऊ नये म्हणून शेजारणीकडंबी जाता यायचं नाही."

घरची खतावणी मी मनातल्या मनात चाळून पाहिली. त्यात दुधाचे खाते होते, सरपणाचेही होते. आईच्या दिवसाचे खाते कोणी कधी उघडलेलेच नव्हते.

मंद आचेच्या यंत्रांचा इतिहास मी यानंतर वाचला. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खाली कोळसा, मधे वाफ; एकट्या माणसाला एका वेळी भात, वरण आणि भाजी. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकर जवळजवळ शंभर ग्रॅम कांडी कोळशावर घराचा स्वयंपाक करतो. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये विजेच्या भांड्याचे पेटंट घेतले आणि त्याचेच रूप पुढे १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आले. ती कल्पना त्यांना आईने सांगितलेल्या एका ज्यू पदार्थावरून सुचली. शनिवारी त्यांच्यात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी भांडे भरून गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचे. म्हणजे त्या मंद आचेमागे सुट्टी होती. आमच्या वैलामागे सुट्टी नव्हती.

तेव्हा माझा निकाल असा. तुमच्या घरी हरभरे, खीर, मटण यांचे प्रमाण मोठे असेल, वीज शब्दाला जागणारी असेल आणि भाकरी शिळी चालत असेल, तर यंत्र जरूर घ्या. वरण-भाकरी-भाजीच्या घराला ते लागत नाही. आणि बायकोचा वेळ वाचावा म्हणून घेणार असाल तर आधी एक स्वस्त उपाय करून बघा : रात्री जेवणानंतर भाजी स्वतः चिरा.

मी चिरतो. गेले पाच महिने चिरतो आहे. गवारीच्या शिरा काढायला मला पाऊण तास लागतो. परवा आई बराच वेळ समोर बसून बघत होती. शेवटी सौ.ला म्हणाली, "सूनबाई, हे यंत्र बी मंदच दिसायलंय."

सौ. साडेसहाला उठली त्या दिवशी.