नळी घालायची की थांबायचं? आधी छेद बघा!

उंच, सडपातळ, विशीतला मुलगा. मार लागलेला नाही, अपघात नाही; अचानक छातीत कळ येते, धाप लागते. एक्स-रेत फुप्फुस आकसलेलं दिसतं. याला प्रायमरी स्पॉन्टेनियस न्यूमोथोरॅक्स म्हणतात. बहुतेकदा फुप्फुसाच्या टोकाशी असलेला हवेचा बारीक फुगा फुटतो आणि हवा फुप्फुस व छातीच्या मधल्या पोकळीत साठते. सिगारेटमुळे धोका बराच वाढतो. फुप्फुस जास्त आकसलं असेल तर नेहमीचा उपाय म्हणजे छातीत नळी घालून हवा काढणं.

नळी घातलीच नाही तर? हा प्रश्न ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ३९ रुग्णालयं, ३१६ रुग्ण. १५४ जणांना नळी, १६२ जणांवर फक्त लक्ष. ८ आठवड्यांत फुप्फुस पूर्ण फुगलं का, हा मुख्य निकष. उत्तर: नळीवाले ९८.५ टक्के, थांबलेले ९४.४ टक्के. 'थांबणं' ९ अंकांपेक्षा जास्त मागे पडायला नको, ही अट आधीच ठरलेली. कॉन्फिडन्स इंटर्व्हलचं वाईट टोक ८.६. म्हणजे काठावर पास!

आमच्या जर्नल क्लबमध्ये मी इथेच थांबले. एका सीनियरने विचारलं, "अंश सांगितलास, छेद कुठाय?" मला सांगता येईना.

छेद होते १३१ आणि १२५. म्हणजे नळीच्या गटातले २३ आणि थांबलेल्या गटातले ३७ जण या हिशेबातच नाहीत. काहींचा एक्स-रे ८ आठवडे उलटल्यावर झाला. अशांना 'अपयश' धरलं की आकडे होतात ९३.५ आणि ८२.५. फरक ११. निकाल नापास.

बरं वाटल्यावर एक्स-रेला कोण परत जातं, असं तुम्ही म्हणाल. शक्य आहे. पण तो तर्क झाला, डेटा नव्हे. लेखकांनी हे लपवलेलं नाही. पुरावा माफक आहे असं तेच लिहितात.

मग पेपर टाकाऊ का? माझ्या मते नाही. थांबलेल्या १६२ पैकी १३७ जणांना नळी लागलीच नाही. वर्षभरात त्रास पुन्हा उद्भवला तो ८.८ टक्क्यांना, नळीच्या गटात १६.८. रुग्णाच्या दृष्टीने हे आकडे मुख्य निकषापेक्षा जास्त बोलके आहेत. मात्र 'थांबणं' म्हणजे घरी अंगावर काढणं नव्हे: किमान ४ तास निरीक्षण, पुन्हा एक्स-रे, आणि २५ जणांना शेवटी उपचार लागलेच.

पुढचा पेपर वाचताना टक्केवारी दिसली की आधी छेद शोधा. सुरुवातीला किती जण होते आणि मोजले किती, हे वहीत लिहा. उरलेले कुठे गेले, हे कळल्याशिवाय निष्कर्षावर जाऊ नका.