चौघांची लढाई

एके काळीं वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांची राजधानी असलेल्या वाशिमांत आज ओट्यावर शेजारीं बसलेलीं चार मुलें मोबाइलांत डोकें घालून ‘मला उचल, मला उचल!’ म्हणून ओरडतात. त्यांचा खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. क्राफ्टन या कोरियन कंपनीनें तो २०२१ सालीं आणला. त्याच्या ‘पब्जी’ या थोरल्या भावावर सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें बंदी घातली होती.

खेळ हिंसा शिकवितो, हा पालकांचा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटतो. सुमारें १०० गडी बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातें आणि अखेर एकच तुकडी उरते. ही रचना क्रौर्यापेक्षां भयाची आहे. चौघांची तुकडी असली म्हणजे तर ती फारच अवघड. जायबंदी होऊन रांगणाऱ्या गड्यास उठविण्यास सोबत्याला सुमारें १० सेकंद त्याच्याजवळ थांबावें लागतें, आणि तेवढा वेळ बंदूक चालवितां येत नाहीं. शत्रूस हें ठाऊक असतें. पुष्कळदां तो पडलेल्याला मुद्दाम जिवंत ठेवून वांचवावयास येणाराची वाट पाहतो. जावें कीं न जावें? कसलेल्या नाटककारानें योजावा असाच हा पेंच आहे, हें कबूल केलें पाहिजे.

मग उणें कोठें? हे चौघे लढतात कशासाठीं, हें खेळ सांगतच नाहीं. बेट कोणाचें, वैर कशाचें, कांहीं पत्ता नाहीं. १६६० सालीं बाजीप्रभु खिंडींत कोणासाठीं उभे राहिले, हें आमच्या लहान पोरासही ठाऊक असतें. येथें सोबत्यासाठीं जीव धोक्यांत घालणारा गडी सोबत्यापलीकडे कशासाठींच उभा नसतो. आणि जिंकल्यावर त्याला बक्षीस म्हणून ऐकावयास मिळते ती कोंबडीच्या जेवणाची वार्ता!