भिंत, वस्ती आणि समाजशास्त्र : ‘झुंड’ या चित्रपटाचे समाजशास्त्रीय परिशीलन

गोषवारा

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपूर येथील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉल उपक्रमावर तो आधारलेला आहे. चित्रपटाची समीक्षा बहुतांशी क्रीडापट म्हणून अथवा जातवास्तवाचे चित्रण म्हणून झाली. प्रस्तुत लेखात त्याकडे उपयोजित समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले आहे. चित्रपट वस्तीला ‘समस्या’ न मानता वस्ती आणि महाविद्यालय यांमधील भिंतीला समस्या मानतो, हे त्याचे सामर्थ्य होय; आणि ती भिंत ओलांडण्याचा मार्ग एका सहृदय व्यक्तीच्या हाती सोपवितो, ही त्याची मर्यादा होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. ही मर्यादा केवळ चित्रपटाची नसून आपल्या महाविद्यालयीन समाजशास्त्राचीही आहे.

बीजसंज्ञा : वस्ती, सामाजिक संघटन, सामाजिक अभिसरण, कागदपत्रे, उपयोजित समाजशास्त्र.

प्रस्तावना

समाजशास्त्राचा दैनंदिन जीवनाशी काय संबंध, असा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विचारतो तेव्हा आपण त्याला सहसा समस्यांची यादी देतो : दारिद्र्य, व्यसनाधीनता, बालगुन्हेगारी, झोपडपट्टी. पाठ्यपुस्तकांतील प्रकरणेही याच क्रमाने येतात. प्रत्येक प्रकरणात व्याख्या, कारणे, परिणाम आणि उपाय. या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते. समस्या ‘तिकडे’ आहे आणि तिचा अभ्यासक ‘इकडे’ आहे. या दोहोंमध्ये काय आहे, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. ‘झुंड’ हा चित्रपट नेमका त्या मधल्या जागेवर कॅमेरा रोवतो, आणि म्हणूनच समाजशास्त्राच्या अध्यापकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी

हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेल्या बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाला, हा वृत्तांत नागपूरकरांना परिचित आहे. पुढे क्रीडा विकास संस्थेच्या माध्यमातून तो ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर गेला. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे बेघरांची पहिली विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली. तिच्या पुढील आवृत्त्यांमध्ये भारतीय संघ उतरले ते याच उपक्रमातून. २०१६ मध्ये संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

नागपूरच्या नागरी इतिहासातही हा काळ महत्त्वाचा आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली आणि पुढे तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. सव्वाशे वर्षे कामगारवस्त्यांना रोजगार, ओळख आणि भोंग्याच्या वेळा देणारी एक संस्था शहराच्या जीवनातून गेली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. ‘झुंड’मधील मुले कोठून आली, याचे उत्तर शोधताना हा संदर्भ नजरेआड करता येत नाही. चित्रपट मात्र तो फारसा सांगत नाही, याचा विचार पुढे केला आहे.

‘झुंड’ की ‘टीम’ : संघटनाचा प्रश्न

चित्रपटातील निवृत्तीच्या उंबरठ्यावरील शिक्षक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) मुलांना सुरुवातीला पैसे देऊन फुटबॉल खेळवतात. काही दिवसांनी पैसे बंद होतात, खेळ सुरू राहतो. मुलांना ‘झुंड’ म्हणू नये, ‘टीम’ म्हणावे, हा चित्रपटाचा आग्रह आहे. वरवर पाहता हा सुधारणेचा परिचित प्रवास वाटतो : विस्कळीत मुले, शिस्त, संघ. परंतु चित्रपटाचा पहिला भाग नीट पाहिल्यास असे दिसते की ही मुले विस्कळीत कधीच नव्हती. त्यांचा म्होरक्या आहे, हद्द आहे, वाटणीचे नियम आहेत, परस्परांसाठी मार खाण्याची तयारी आहे. कोळसा चोरण्यापासून जयंतीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी गोळा करण्यापर्यंत सर्व व्यवहार संघटितच आहेत.

समाजशास्त्रात हा मुद्दा नवा नाही. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्ये शिकागोतील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा टोळीचा उगम त्यांना शहराच्या फटींमध्ये, म्हणजे स्थिर संस्था मागे हटलेल्या जागांमध्ये दिसला. १९४३ मध्ये विल्यम फूट व्हाइट यांनी बॉस्टनमधील इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीत प्रत्यक्ष राहून याच्याही पुढचे पाऊल टाकले. वस्तीत संघटन नाही ही समजूत त्यांनी खोडून काढली. वस्तीचे संघटन आहे, पण ते भोवतालच्या समाजाच्या रचनेशी जुळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतात अक्षयकुमार देसाई आणि देवदास पिल्लई यांनी १९७० च्या सुमारास मुंबईच्या संदर्भात झोपडपट्टीचा प्रश्न नागरीकरणाच्या स्वरूपाशी जोडला.

‘झुंड’ हा निष्कर्ष दृश्यांतून मांडतो. बोराडे यांच्या घरी मुले एकेक करून आपली कहाणी सांगतात, तो प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे कोणी प्रश्नावली भरून घेत नाही, उपदेशही करीत नाही. मुले बोलतात आणि आपण ऐकतो. सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतील जो संबंध स्पष्ट केला, तो येथे व्याख्येविना प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. एकाच्या घरातील दारू ही त्याची अडचण असते. एकामागून एक मुले जवळपास तीच हकीकत सांगू लागली की ती रचनेची हकीकत होते.

भाषेचाही येथे निर्देश करणे आवश्यक आहे. १९५६ पर्यंत द्विभाषिक मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहराची बोली हिंदी आणि मराठी यांच्या सीमेवर घडली. पोट्ट्यांच्या तोंडची ती मिश्र भाषा चित्रपटाने विनोदासाठी वापरलेली नाही. ती त्यांच्या आत्मविश्वासाची भाषा आहे.

भिंत आणि कागद

चित्रपटातील मध्यवर्ती प्रतिमा भिंतीची आहे. महाविद्यालयाचे हिरवे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये ती उभी आहे, आणि ती ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची सूचना तिच्यावर लिहिलेली आहे. मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्येही भिंत होती. शाळेच्या त्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांसमोरून डुकराचे ओझे वाहिले जात होते. तेथे भिंत साक्षीदार होती, येथे ती सीमा आहे. ‘फँड्री’च्या शेवटी दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, ‘झुंड’च्या शेवटी विमान भिंतीवरून जाते आणि ती सूचना मात्र खाली तशीच राहते. विश्वचषकातील एकही सामना न दाखविता चित्रपट येथे संपतो. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. काही मुले भिंत ओलांडून गेली, पण भिंत पडलेली नाही.

दुसरी भिंत कागदांची आहे. उत्तरार्धात पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा मिळविताना मोनिका (रिंकू राजगुरू) आणि तिचे वडील दारोदार फिरतात, तो भाग काही समीक्षकांना लांबलेला वाटला. प्रस्तुत लेखकास तो चित्रपटाचा समाजशास्त्रीय गाभा वाटतो. ज्यांचा जन्म, पत्ता आणि जात यांची नोंद पिढ्यानपिढ्या आपोआप होत आली, त्यांना कागद ही संस्था दिसतच नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ या दिनांकांपूर्वीचा वास्तव्याचा अथवा जातीचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावे शेत नव्हते, त्यांनी तो कोठून आणावा? झोपडीच्या संरक्षणासाठी १ जानेवारी २००० ही आणखी एक तारीख. वस्ती महापालिकेच्या जागेवर आहे, सुधार प्रन्यासाच्या, नझुलाच्या की रेल्वेच्या, यावर पट्टा मिळणार की नाही हे ठरते. आपल्याच देशात आपण आहोत हे सिद्ध करण्याचा हा खटाटोप पाहिल्यावर, भारत म्हणजे काय, असे चित्रपटातील मूल का विचारते हे कळते. तो प्रश्न अज्ञानातून आलेला नाही.

चित्रपटाच्या मर्यादा

येथवर चित्रपटाचे सामर्थ्य पाहिले. परंतु समस्येचे निदान ज्या निर्भयतेने केले आहे, ती उपायाच्या मांडणीत टिकत नाही.

पहिली मर्यादा अशी की भिंत ओलांडण्याचे सर्व मार्ग बोराडे यांच्यामधून जातात. पैसे त्यांचे, ओळखी त्यांच्या, न्यायालयातील भाषण त्यांचे. डॉन (अंकुश गेडाम) या मुलाला परदेशी जाण्याची वाट मोकळी होते ती एका सज्जनाच्या विनवणीने. हक्क येथे कृपेच्या रूपात मिळतो. बोराडे भेटले नाहीत त्या वस्तीचे काय, हा प्रश्न चित्रपट टाळतो. वास्तवात बारसे यांचे कार्य टिकले ते व्यक्तीच्या चांगुलपणाचे संस्थेत रूपांतर झाल्यामुळे. संस्थाबांधणीचे हे कंटाळवाणे, पण निर्णायक काम पडद्यावर जवळजवळ दिसत नाही.

दुसरी मर्यादा विजयाची. महाविद्यालयाच्या संघाशी झालेला सामना वस्तीचा संघ जिंकतो आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. हा सामना हरला असता तर? मैदानावर येण्याचा हक्क गुणवत्तेने सिद्ध करावा लागतो, ही अट भिंतीचीच आहे. चित्रपट ती नकळत मान्य करतो.

तिसरी मर्यादा श्रमाची. मुलांचे आईवडील कोणते काम करतात, त्यांना वेतन कोण देतो, गिरण्या गेल्यावर शहराने त्यांना काय दिले, याबाबत चित्रपट मौन बाळगतो. त्यामुळे वस्तीचे दारिद्र्य हा जणू तिचा स्वभाव वाटू लागतो. मुलींच्या वाट्याला आलेला अवकाशही तुलनेने अपुरा आहे.

याउलट एका प्रसंगात चित्रपटाला स्वतःचे उत्तर सापडलेले दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात वस्ती कोणाच्याही मदतीविना रस्त्यावर येते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्या शहराची सामाजिक स्मृती घडविली, तेथे ही मिरवणूक केवळ नृत्य नाही. आत्मसन्मानाचे संघटन वस्तीत बोराडे येण्यापूर्वीच होते, याचा तो पुरावा आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात आदर्श समाज हा गतिशील असावा आणि त्यात विविध गटांचे मुक्त अभिसरण असावे, असा विचार मांडला होता. अभिसरण दुतर्फी असते. चित्रपटात मात्र वस्तीने महाविद्यालयात जायचे आहे. महाविद्यालयाने वस्तीकडून काय शिकायचे, याचा मागमूस नाही.

आपल्या विद्याशाखेपुढील प्रश्न

हे आक्षेप घेताना आपण सुरक्षित जागी उभे नाही, याची जाणीव ठेवणे प्राप्त आहे. चित्रपटातील ती भिंत महाविद्यालयाची आहे, म्हणजे आपली आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिची निवासी शिबिरे आपण दत्तक गावात नेतो, श्रमदान करतो, समारोपाचे छायाचित्र काढतो. पण कुंपणाला लागून असलेल्या वस्तीतील मुलांना सायंकाळी रिकामे पडलेले मैदान वापरू द्यावे, असा ठराव किती महाविद्यालयांनी केला? क्षेत्रभेटीत विद्यार्थी व्यसन, उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार विचारून परत येतात. उत्तरे आपल्या अहवालात राहतात. वस्तीला त्यातून काहीही परत जात नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क हे पदवी अभ्यासक्रमाचे श्रेयांकित भाग झाले आहेत. आता हजारो विद्यार्थी वस्त्यांमध्ये जाणार आहेत. ते कोणते प्रश्न घेऊन जाणार, हे आपण ठरविणार आहोत. ‘तुमच्या समस्या कोणत्या’ या प्रश्नाऐवजी ‘तुम्हाला कोठे अडविले जाते’ हा प्रश्न घेऊन विद्यार्थी गेला, तर अभ्यासविषय बदलतो. मग अभ्यास रेशन कार्यालयाच्या रांगेचा होईल, शाळासोडल्याच्या दाखल्याचा होईल, पोलीस ठाण्यातील नोंदवहीचा होईल आणि महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराचाही होईल. एका गटाने एका वस्तीतील वीस कुटुंबांची कागदपत्रे पूर्ण करण्यास साहाय्य करावे आणि प्रत्येक टप्प्यावर काय अडले याची नोंद ठेवावी. यातून कुटुंबांना दाखले मिळतील आणि राज्यसंस्थेचे समाजशास्त्र विद्यार्थ्याला पुस्तकाविना कळेल. उपयोजित समाजशास्त्र याहून निराळे असण्याचे कारण नाही.

समारोप

‘झुंड’ हा निर्दोष चित्रपट नाही. त्याची लांबी, नायकाभोवतीचे वलय आणि श्रमाविषयीचे मौन या त्याच्या उणिवा आहेत. तरीही वस्तीला समस्या म्हणून न पाहता वस्तीच्या जागेवरून शहराकडे पाहण्याची सवय तो प्रेक्षकाला लावतो. आपली कित्येक पाठ्यपुस्तके हे करू शकलेली नाहीत. वर्गात तो जरूर दाखवावा, परंतु दाखविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयाभोवती एक फेरी मारावयास सांगावे. भिंत कोठे आहे, तिच्यावर काय लिहिले आहे, पलीकडे कोण राहते आणि ते अलीकडे केव्हा व कोणत्या कामासाठी येतात, एवढीच नोंद त्यांनी आणावी. चित्रपटावरील चर्चा त्या नोंदींपासून सुरू व्हावी.